शिरका, लसूण आणि झाकलेलं मडकं

श्रोतेहो, आज मी ज्या पदार्थाविषयी बोलणार आहे तो मी कधी चाखलेला नाही आणि पुढेही चाखणार नाही. डुकराचं मांस माझ्या धर्मात निषिद्ध आहे. कुराणात तसं स्पष्ट सांगितलेलं आहे आणि त्याच्या कितीतरी आधी यहुद्यांच्या तोरातही तेच सांगितलेलं आहे. तेव्हा हे मांस लोक घरी कसं मुरवतात आणि कसं भाजतात, हे माझ्यासारख्याने सांगावं, याचं कुणालाही नवल वाटेल. पण जी वस्तू आपण खात नाही तिलाही इतिहास असतो आणि कधी कधी तो इतिहास आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचलेला असतो. या पदार्थाचं तसंच आहे. त्याचं नाव तुम्ही हॉटेलच्या मेनूकार्डावर वाचलेलं असेल. विंदालू!

आधी या नावाचा घोळ मिटवू. 'विंदालू'मधलं 'आलू' ऐकून अनेकांना हिंदीतला आलू आठवतो. म्हणून कितीतरी हॉटेलांत या कालवणात बटाट्याच्या फोडी पोहताना दिसतात. मूळ पोर्तुगीज नावाचा उच्चार साधारण 'कार्न द विन्या दाल्युश' असा. कार्न म्हणजे मांस, विन्यु म्हणजे द्राक्षाची दारू आणि आल्यु म्हणजे लसूण. दारू आणि लसणात मुरवलेलं मांस, एवढाच त्याचा अर्थ. बटाट्याचा संबंध नाही. गंमत अशी की, 'बटाटा' हा आपला शब्द मात्र पोर्तुगीजांकडूनच आलेला. पाव, काजू, चावी, पगार आणि घमेलं यांच्यासारखाच. म्हणजे पोर्तुगीज लसणाला आपण हिंदी आलू समजलो आणि त्या गैरसमजापायी भांड्यात पोर्तुगीज नावाचा बटाटा टाकला!

हा पदार्थ मुळात चैनीचा नव्हे, गरजेचा. पोर्तुगालच्या खेड्यांत थंडी पडली की घरचं पोसलेलं डुक्कर मारायचा रिवाज होता. शेजारीपाजारी मदतीला येत. एवढं मांस एका कुटुंबाला चार दिवसांत संपणारं नसे आणि शीतकपाट तर नव्हतंच. मग काही मांस मिठात दाबायचं, काही चुलीवरच्या धुरात टांगायचं, काही आतड्यांत भरून सॉसेज करायचं, काही चरबीत बुडवून ठेवायचं. आणि काही या दारू-लसणात मुरत घालायचं.

रीत साधी. मांसाचे जाड तुकडे मातीच्या भांड्यात घालायचे. त्यांना मीठ, ठेचलेला लसूण आणि मिरी चोळायची. आपल्या तमालपत्रासारखं लॉरेलचं पान टाकायचं आणि मांस बुडेल इतकी दारू किंवा शिरका वर ओतायचा. शिरका म्हणजे व्हिनेगर. आमच्याकडे हाच शब्द रुळलेला आहे. भांडं झाकून दोन-तीन दिवस थंड जागी ठेवायचं, मधूनमधून तुकडे वरखाली करायचे. मग ते निथळून त्यांच्याच चरबीत परतायचे, किंवा अख्खा तुकडा असेल तर भट्टीत भाजायचा आणि भाजताना त्याच आंबट पाण्याचा हबका मारत राहायचं. अटलांटिक महासागरातल्या मादेइरा बेटावर हा नाताळचा पदार्थ. मांसाच्या चरबीत परतलेल्या पावाबरोबर तो खातात. त्या बेटावरची माणसं १८३५ पासून मजुरीसाठी दक्षिण अमेरिकेतल्या गयानात गेली. तिथे आजही नाताळच्या सकाळी 'गार्लिक पोर्क' होतं, म्हणजे लसणातलं डुक्कर. नावातली दारू गळाली, लसूण टिकला.

यात काय घडतं तेही समजून घेऊ. मीठ मांसात हळूहळू खोलवर उतरतं. शिरक्याचा आंबटपणा मात्र काही मिलिमीटरच आत जातो. त्याचं मोठं काम असतं ते पृष्ठभागावर, मांस नासवणाऱ्या जंतूंना अटकाव करण्याचं. फार दिवस आंबटात राहिलं तर वरचा थर पिठूळ होतो. आंबट पदार्थ तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याशी क्रिया करतो, म्हणून माती, चिनीमाती किंवा काच हीच त्याची खरी भांडी. भाजण्यापूर्वी तुकडा पुसून कोरडा करतात, कारण ओल्या मांसाला तांबूस रंग चढत नाही, ते नुसतं वाफवतं. आणि डुकराच्या मांसातून माणसाला कृमींची बाधा होऊ शकते, त्यामुळे ते अर्धकच्चं खात नाहीत. खेड्यातल्या आजीबाईंना यातली कारणं ठाऊक नसतील, पण त्यातलं बरंचसं ज्ञान त्यांच्या हातात होतं.

आता हे मांस बाजूला ठेवून क्षणभर नुसत्या शिरक्याकडे पाहू. मांस शिरक्यात शिजवण्याची कला जुन्या इराणची. तिथे 'सिकबाज' नावाचा पदार्थ राजेलोकांचा आवडता होता. 'सिक' म्हणजे शिरका. पुढे बगदादच्या खलिफांच्या काळात तो अरबांनी उचलला. १२२६ साली बगदादमध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध अरबी पाकपुस्तकात पहिल्याच पाककृतींत सिकबाज आहे. ७११ मध्ये अरब आणि बर्बर सैन्य स्पेनमध्ये उतरलं, आणि पुढच्या शतकांत तिथे अरबी भाषेबरोबर अरबी स्वयंपाकही मुरला. स्पेन-पोर्तुगालमध्ये मासे किंवा मांस आंबटात टिकवण्याच्या पद्धतीला आजही 'एस्काबेचे' म्हणतात. हा शब्द सिकबाजवरूनच आला. पोर्तुगीज भाषेत तांदळाला अरोझ, साखरेला आसूकार आणि ऑलिव्हच्या तेलाला अझेइत म्हणतात, तेही अरबीतूनच आलेले शब्द. विन्या दाल्युश हा थेट सिकबाजचा वारस आहे, असा दावा मी करणार नाही. दारू आणि डुक्कर या दोन्ही गोष्टी अरबी भटारखान्यात बसणाऱ्या नव्हत्या. पण ज्या स्वयंपाकघरात तो शिजला त्या स्वयंपाकघराच्या भिंती कितीतरी जणांनी बांधलेल्या होत्या, एवढं नक्की.

आणि नेमक्या याच स्वयंपाकघरात एके दिवशी राजसत्ता शिरली.

१४९२ मध्ये स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य, ग्रॅनाडा, पडलं. त्याच वर्षी स्पेनमधून यहुद्यांना हाकलण्यात आलं. त्यातले हजारो शेजारच्या पोर्तुगालमध्ये आले. १४९६ च्या अखेरीस पोर्तुगालच्या राजानेही यहुदी आणि मुसलमान या दोघांना देश सोडण्याचा हुकूम काढला. प्रत्यक्षात १४९७ मध्ये बहुसंख्य यहुद्यांना जाऊ न देता त्यांचं सक्तीने धर्मांतर केलं गेलं. त्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणू लागले. माणूस पाण्याच्या शिंतोड्याने ख्रिस्ती झाला खरा, पण तो मनातून झाला की नाही, हे कसं ओळखायचं? १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय आलं, आणि त्याने गुप्त यहुदी ओळखण्याच्या खुणा जाहीर केल्या. शनिवारी स्वच्छ कपडे घालणं ही एक खूण. डुकराचं मांस न खाणं ही दुसरी.

म्हणजे बघा, थंडीतल्या चार दिवसांची सोय म्हणून जे मांस मडक्यात मुरत होतं, ते एकाएकी निष्ठेचं प्रमाणपत्र झालं. कुणाच्या धुराड्याखाली सॉसेज टांगलेली आहेत, कुणाच्या घरी चरबीऐवजी तेलात स्वयंपाक होतो, याच्या चहाड्या होऊ लागल्या. स्पेनमधल्या खटल्यांत मोलकरणींच्या आणि शेजाऱ्यांच्या साक्षी स्वयंपाकघराभोवतीच फिरताना दिसतात. धर्मांतरित यहुद्यांना हिणवायला जो 'मर्रानो' शब्द वापरला गेला, त्याचा अर्थही डुक्करच. पोर्तुगालच्या उत्तरेला 'आल्येइरा' नावाचं सॉसेज मिळतं. लोक सांगतात की, नव्या ख्रिस्तींनी कोंबडी आणि पाव भरून ते बनवलं, बाहेरून डुकराच्या सॉसेजसारखं दिसावं म्हणून. ही कथा इतिहासकार पूर्णपणे मान्य करत नाहीत. पण अशी कथा एखाद्या देशाला सांगावीशी वाटते, यातही पुरेसा इतिहास आहे.

हेच पोर्तुगीज आपल्याकडे आले. आफोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा आदिलशाहीकडून जिंकला. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना दिली. त्यांत मुंबईही होती. हे मुंबई बेट काही काळ ज्याच्याकडे खंडाने होतं, तो गार्सिया द ओर्ता हा गोव्यातला नामांकित वैद्य. हिंदुस्थानातल्या औषधी आणि मसाल्यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मिरी, लवंग, दालचिनी, आलं आणि हिंग यांच्यावर इतक्या बारकाईने लिहिणारा हा पहिल्या काही युरोपीय विद्वानांपैकी एक. तो नवा ख्रिस्ती होता. त्याचं घराणं मूळचं यहुदी. १५६० मध्ये धर्मन्यायालय गोव्यातही आलं होतं. १५६८ मध्ये ओर्ता वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जाळण्यात आलं. तेवढ्याने भागलं नाही. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली गेली. विंदालूत पडणाऱ्या मसाल्यांचे गुण ज्याने जगाला सांगितले, त्या माणसाची ही गत झाली.

गोव्यातल्या नव्या ख्रिस्तींपुढे प्रश्न वेगळा होता. ते कालपर्यंत हिंदू होते, काही मुसलमान होते. आपल्याकडे अन्नावरून जात ठरते आणि जातीवरून पंगत. निषिद्ध मांस खाल्लं की परतीची वाट बंद, हे राज्यकर्त्यांना चांगलं ठाऊक होतं. आणि नजर नुसती मांसावर नव्हती. ज्या गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचं मराठीतलं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, त्याच गोव्यात १७३६ मध्ये धर्मन्यायालयाने एक लांबलचक फर्मान काढलं. त्यात ख्रिस्ती झालेल्यांनी काय काय करू नये याची यादी आहे. दारात तुळस लावू नये. लग्नात पानसुपारीचे रिवाज पाळू नयेत. त्यात एक कलम असं आहे की, हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवू नये. श्रोतेहो, मला त्या यादीतल्या कुठल्याही कलमापेक्षा हे भाताचं कलम जास्त अस्वस्थ करतं. एवढं मोठं साम्राज्य, समुद्रापार पसरलेलं. आणि ते एका बाईच्या भाताच्या पातेल्यात वाकून बघतंय, मीठ आहे की नाही!

हे धर्मन्यायालय १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. मडकी मात्र चुलीवरच राहिली. आणि इथे या कहाणीला जे वळण मिळतं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. जो पदार्थ सत्तेबरोबर आला तो गोव्याच्या बायकांनी आपलासा केला, इतका की त्याच्या जन्मदात्यांनाही तो ओळखू येऊ नये. द्राक्षाची दारू इथे दुर्मीळ. त्यांनी माडाच्या सुरेचा शिरका वापरला. नुसती मिरी होती तिथे अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली लाल मिरची आली. जिरं, दालचिनी, लवंग आणि आलं हे सगळं लसणाबरोबर शिरक्यात वाटून मांसाला चोळलं, रात्रभर ठेवलं आणि मंद आचेवर, त्याच्याच चरबीत शिजू दिलं. आज केलं की उद्या जास्त चांगलं लागतं आणि परवा त्याहून, असं गोव्यातली माणसं सांगतात. घरोघरी भट्टी नव्हती, म्हणून जाड बुडाच्या भांड्यात अख्खा तुकडा झाकण ठेवून, उलटत-पालटत खरपूस करण्याची रीत पडली. त्यालाही 'रोस्ट' म्हणतात. लग्नात आणि सणाला मात्र सारण भरलेलं अख्खं पिल्लू भट्टीत भाजतात. हा आज तिथल्या ख्रिस्ती माणसाचा घरचा घास आहे, आईच्या हातचा. 'हे तुमच्यावर लादलेलं आहे' असं त्याला आज सांगणं म्हणजे पुन्हा त्याच्या पातेल्यात वाकून बघणंच झालं.

वसईची गोष्टही अशीच. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पण मराठीच्या बोली बोलणारे तिथले ख्रिस्ती राहिले. मुंबई-साष्टी-वसईतल्या या समाजापैकी अनेकांनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. त्यांच्या घरी विंदालूचा भाऊ शिजतो, त्याला 'इंदियाल' म्हणतात. उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेला त्यांचा 'बॉटल मसाला' हा तर आपल्या कांदा-लसूण मसाल्याचा आणि गोड्या मसाल्याचा सख्खा शेजारी. परदेशी पदार्थाने इथे मराठी शिकून घेतली, असं मी म्हणेन.

आणि मग एक दिवस या पदार्थातून डुक्करच नाहीसं झालं! नेपोलियनशी लढाया चालू असताना, १७९९ ते १८१३ या काळात इंग्रजी फौज गोव्यात होती. गोव्याचे स्वयंपाकी साहेबांना फार पसंत पडले, कारण त्यांना कुठल्याही मांसाचा विटाळ नव्हता. १९ व्या शतकातल्या इंग्रजी पाकपुस्तकांत विंदालू दिसू लागलं आणि त्यात डुकराबरोबर गाय आणि बदकही आलं. विसाव्या शतकात ते विलायतेतल्या 'इंडियन' हॉटेलांत पोचलं. त्यांतली बहुतेक हॉटेलं चालवणारे लोक मूळचे बांगलादेशातल्या सिल्हेटचे, म्हणजे मुसलमान. त्यांनी कोंबडीचं, बकऱ्याचं विंदालू केलं आणि ते जहाल तिखटासाठी प्रसिद्ध झालं. ज्या पदार्थाच्या मांसावर कधीकाळी माणसाची ख्रिस्तनिष्ठा तपासली गेली असती, तोच आता सिल्हेटी मुसलमान शिजवत होता आणि इंग्रज खात होता. मांस बदललं, दारूचा शिरका झाला. मुरवण्याची रीत तेवढी राहिली.

शिरक्याबद्दल माझ्या परंपरेत एक सुंदर विचार आहे. दारू हराम, पण तीच दारू आपोआप आंबून तिचा शिरका झाला तर तो हलाल, याबाबत सर्व फिक्ही परंपरांचं एकमत आहे. मुद्दाम केलेल्या शिरक्याबद्दल मतभेद आहेत. पण वस्तूचा स्वभाव पालटला की तिच्यावरचा हुकूमही पालटतो, हे तत्त्व मान्य आहे. आणि शिरका हे चांगलं तोंडीलावणं आहे, असं पैगंबरांनी म्हटल्याचं हदीसमध्ये आलं आहे. वस्तूलाही बदलण्याची मुभा देणारा हा विचार माणसाच्या बाबतीत आपण किती पाळतो, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आमच्या शेजारी बरीच वर्षं वसईकडच्या एक मावशी राहत. नाताळला त्यांच्या घरी इंदियालचं मोठं भांडं चुलीवर चढायचं. त्याच्या बाजूला एक लहान पातेलं असायचं, आमच्यासाठी, हलाल कोंबडीचं. पळीसुद्धा वेगळी. "भाऊ, तुमचं भांडं निराळं, मसाला तोच हो," असं त्या दरवर्षी सांगायच्या. आमच्याकडून ईदला शीरखुर्मा जायचा. त्यांनी मला कधी 'चाखून तर बघा' म्हटलं नाही आणि त्यांच्या मोठ्या भांड्याकडे बघून मी कधी नाक मुरडलं नाही. यात कुणाची श्रद्धा पातळ झाली नाही.

हे सगळं जुनं झालं, असं समजून झोपावं अशी आज परिस्थिती नाही. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या एका गावात, घरात गोमांस असल्याच्या अफवेवरून जमावाने एका माणसाचा जीव घेतला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या राज्यातली गोवंश हत्याबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम मात्र रद्द केलं. नागरिकाच्या खाजगीपणावर ते अतिक्रमण करतं, असं त्यामागचं कारण होतं. कायद्याच्या भाषेत तो शब्द रुक्ष वाटेल. मी त्याचा अर्थ माझ्या भाषेत असा लावतो, की घरातल्या भांड्यावरचं झाकण उचलण्याचा हक्क घरच्या माणसाचा.

काय खायचं नाही हे मला माझ्या श्रद्धेने शिकवलं आहे आणि त्यात मी समाधानी आहे. पण माझं न खाणं तेव्हाच खरं व्रत, जेव्हा ते मी स्वतःहून पाळतो. आणि शेजाऱ्याचं खाणं तेव्हाच खरा सण, जेव्हा ते त्याला कुणाला दाखवून सिद्ध करावं लागत नाही. पोर्तुगालच्या त्या नव्या ख्रिस्तींचं दुःख मांस खावं लागलं एवढंच नव्हतं. आपल्या घरातलं झाकलेलं मडकं आपलं राहिलं नाही, हे होतं. मीठ, लसूण आणि शिरका मांसात मुरायला दोन-तीन दिवस लागतात. माणसं एकमेकांत मुरायला शतकं लागतात, आणि दोन्हींची अट एकच: मधेच कुणी सारखं झाकण उघडून बघू नये.